ब्रॅकनलीचा अकरावा गडी

बसा. लाइट काही आठच्या आत यायची नाही, आणि कंदिलात रॉकेल भरपूर आहे. तुम्ही क्रिकेटचा विषय काढलाच आहे, तर या फेब्रुवारीत आमच्या अमळनेरात झालेला सामना सांगतो. त्या दिवशी अंपायर मीच होतो, त्यामुळे ऐकीव काही नाही.

सुरुवात एका पत्रानं झाली. मी शाळेत इंग्रजी शिकवतो आणि रविवारी अंपायरिंग करतो, म्हणून इंग्लंडचं पत्र आलं की पोस्टमन ते माझ्याकडेच आणून टाकतो. पत्र होतं ब्रॅकनली नावाच्या खेड्यातल्या क्रिकेट क्लबच्या सेक्रेटरींचं, डेंटन साहेबांचं. हौशी क्लब. १९०३ साली गावच्या बेकरीवाल्यानं, लोहारानं आणि पाद्र्यानं मिळून काढलेला. शनिवारी आधी मैदानातल्या मेंढ्या हाकलायच्या, मग खेळायचं. पहिला कप्तान विल्फ्रेड ऑल्डन, पिठाच्या गिरणीवाल्याचा मुलगा. हा ऑल्डन १९१२ साली अमळनेरला जिनिंग फॅक्टरीत इंजिनियर म्हणून आला. दर महिन्याला तो क्लबला पत्र टाकायचा, कोण जिंकलं, कोणी किती धावा काढल्या, सगळं विचारायचा. शेवटचं पत्र १९२१ च्या पावसाळ्यातलं. त्यात लिहिलं होतं, ‘पुढच्या सीझनला परत येतो, संघात माझी जागा ठेवा.’ त्यानंतर काही नाही.

डेंटन साहेब क्लबचा इतिहास लिहीत होते आणि पहिल्या कप्तानाचं पुढं काय झालं, एवढंच त्यांना सापडत नव्हतं. क्लबची मंडळी भारताच्या दौऱ्यावर येणारच होती. म्हणून त्यांनी विचारलं होतं, अमळनेरला एक सामना ठेवता येईल का?

ठेवला. सगळं गाव कामाला लागलं.

मंडळी आली ती बरोबर अकरा. पोस्टमन, खाटीक, दोन मास्तर, बाकी शेतकरी. डेंटन साहेब अडुसष्ट वर्षांचे, तेच कप्तान. दौऱ्यातले सातही सामने हरलेले, पण चेहऱ्यावर दुःख म्हणून नाही. रात्रीच्या जेवणाला बन्सीलालच्या खाणावळीतली शेवभाजी. मी नको म्हणत असताना पर्किन्स नावाच्या गड्यानं तिसऱ्यांदा रस्सा मागून घेतला. सकाळी पर्किन्स रेस्ट हाउसच्या संडासातून बाहेर यायला तयार नाही.

“आमचा एखादा पोरगा घ्या बदली,” मी म्हणालो.

“नको,” डेंटन साहेब हसले. “दहा जण खेळू. अकरा असताना तरी कुठे जिंकलो?”

दहा जणांनी एकशे एकतीस धावा केल्या. मग जेवणाची सुट्टी. पाहुण्यांसाठी भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी केली होती भिकुबाईंनी. मैदानाची देखभाल करणाऱ्या सुपडू आबांची ही बायको. मिरची निम्मी घातली होती तरी साहेब लोकांचे कान लाल झाले. पण सगळ्यांनी बोटं चाटली.

पानं उचलताना भिकुबाई मला म्हणाल्या, “सर, तुमी धा सांगात ना? अकरा पानं उठनात.”

मला वाटलं, अकरावं पान पर्किन्सचं, त्याला भूक लागली असेल. मी विसरून गेलो.

आमचा डाव सुरू झाला. मला एक सवय आहे. दर ओव्हरच्या आधी मी क्षेत्ररक्षण करणारे गडी मोजतो. पाचोऱ्याला एकदा यजमानांनी बारा जण उतरवले होते, तेव्हापासूनची. त्या दिवशीही मोजले. अकरा. बरोबर. पुढची ओव्हर, अकरा. अकरा म्हणजे बरोबरच ना हो, कोण कशाला थबकेल? पाणी प्यायला थांबलो तेव्हा मी डेंटन साहेबांना सहज म्हणालो, “पर्किन्स बरे झाले वाटतं.”

“छे. झोपलाय तो. लताबाई त्याला ताक देतायत.”

लताबाई म्हणजे रेस्ट हाउसच्या स्वयंपाकीण. मी वळून पुन्हा मोजायला लागलो, या वेळी एकेकाचं नाव घेत. पोस्टमन, खाटीक, दोन मास्तर... नावं दहाच भरली.

पण मैदानाला लागून नदी आहे, तिच्या बाजूच्या सीमारेषेजवळ एक जण उभा होता. लांब होता, तोंड नीट दिसत नव्हतं. लांब बाह्यांचा सदरा, डोक्यावर घट्ट बसलेली जुन्या पद्धतीची टोपी. पॅंट पांढरी, पण गुडघ्यापर्यंत काळपट... म्हणजे ओली असावी तशी.

भर दुपारचे अडीच वाजलेले, डोक्यावर स्वच्छ ऊन, मैदानाभोवती हजारभर माणसं, शेंगदाणे विकणारा पुना ओरडतोय. आणि माझ्या पाठीवर काटा.

पुढच्या ओव्हरला मी स्क्वेअर लेगला गेलो. ती जागा नदीच्याच बाजूला. तो माझ्या मागं, चाळीसेक पावलांवर. निदान असायला हवा होता चाळीस पावलांवर. तिसऱ्या चेंडूला मला वास आला. पूर ओसरल्यावर काठाला जो गाळ राहतो ना, त्याचा. फेब्रुवारीत आमच्या बोरी नदीत ओंजळभर पाणी नसतं. चौथ्या चेंडूला मागून गार वारा लागला, माठाचं झाकण काढल्यासारखा. मग कोणीतरी श्वास घेतला... अगदी जवळ...

मान वळेना. शाळामास्तरला भीती वाटली तरी तो व्याकरण सोडत नाही. मी समोर बघतच हळूच इंग्रजीत विचारलं, “आपण... खेळताय का, सर?”

उत्तरादाखल फक्त दोन टाळ्या. बोलरला हुरूप द्यायला वाजवतात तशा, पण ओल्या हातांच्या. चप्... चप्...

खोटं कशाला सांगू, त्या टाळ्या ऐकल्या आणि भीतीच्या खालून काहीतरी हसू आल्यासारखं झालं. एवढा उमेदीचा क्षेत्ररक्षक मी ब्रॅकनलीच्या संघात सकाळपासून पाहिला नव्हता. मी कोणालाच काही बोललो नाही.

सामना रंगला. नऊ गडी बाद, आम्हाला पाच धावा हव्यात, आणि खेळतोय आमचा कप्तान रुपचंद. तेलमिलमध्ये वजनकाट्यावर बसतो आणि चेंडू दिसला की फटका मारतो. मी आता बोलरच्या बाजूला. पोस्टमननं चेंडू टाकला, रुपचंदनं उचलला तो सरळ नदीकडे. अख्खं मैदान ‘सिक्सर’ म्हणून उठलं.

नदीकडच्या त्या गड्यानं रेषेच्या आतच दोन पावलं मागं टाकली, हात वर केले आणि चेंडू घेतला. हातात लोणी घ्यावं इतक्या अलगद.

इंग्रज नाचायला लागले. आठ सामन्यांतला पहिला विजय! चेंडू टप्पे खात माझ्या पायाशी आला. चिंब ओला. आणि सीमारेषेवर कोणी नव्हतं.

नाच हळूहळू थांबला. एकेकजण दुसऱ्याकडे बघायला लागला. “कॅच कोणी घेतला?” डेंटन साहेबांनी विचारलं. खाटीक म्हणाला मी नाही. मास्तर म्हणाले आम्ही नाही. दहाही जणांनी माना हलवल्या. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण निर्णय माझा.

बाद द्यायचा, तर झेल कोणाचा सांगू? नाबाद द्यायचा, तर डोळ्यांनी पाहिलेलं नाकारू कसं? तेवढ्यात रुपचंदच बॅट काखेत मारून चालायला लागला.

“रुपचंद, थांब! निर्णय झाला नाही अजून.”

“आउट शे मी, सर. त्यासना एक गडी आजारी, मंग त्यासनी बदली उतारा. मनी काही हरकत नही.” मग जवळ येऊन हळूच म्हणाला, “मनाकडे देखीसन टोपी काढी त्यासनी. आते मी इथं थांबाव नही.”

म्हणजे टोपी काढून मान देणारा तो गडी त्यालाही दिसला होता, आणि त्याचं म्हणणं नियमातही बसत होतं. गडी आजारी असेल तर समोरच्या कप्तानाच्या संमतीनं बदली क्षेत्ररक्षक चालतो. मी बोट वर केलं. ब्रॅकनली चार धावांनी जिंकली.

सुपडू आबा तोवर नदीकडच्या कडेला जाऊन उकिडवे बसले होते. तिथली माती हातभर जागेत ओली होती. मी आणि डेंटन साहेब गेलो तेव्हा त्यांनी वर न बघताच सांगितलं, “आल्डन साहेब. मना बापले त्यासनीच पुरमातून काढं. अजून नऊ जनसले काढं. मंग परत गयात पानीमा... आनि सोता गवसनात नहीत.”

दहा जणांना पुरातून काढून साहेब पाण्यातच राहिले, हे मी इंग्रजीत सांगितलं. डेंटन साहेबांनी सुपडू आबांचा हात दोन्ही हातांत धरला. मग स्कोअरबुक मागवून रुपचंदच्या नावापुढं झेल लिहिला, ‘ऑल्डन’. निघताना ओल्या मातीकडे वळून, शेजाऱ्याला हाक मारावी तसे म्हणाले, “सीझन संपला, विल्फ्रेड. चल, घरी जाऊ.”

त्या रात्री गावात जेवणावळ झाली. सातपुड्यापर्यंत ऐकू जाईल असं इंग्रज गायले. पर्किन्सनं पुन्हा शेवभाजी खाल्ली.

हे झालं फेब्रुवारीत. काल पत्र आलं, बघा, खिशातच आहे. इतिहास छापून झाला, प्रत पाठवतोय, क्लबात सगळे खुशीत आहेत, नव्या सीझनचे पहिले तीनही सामने जिंकले. शेवटी एक विचारणा आहे. क्लबात चहा करणाऱ्या बाईंना दर शनिवारी खिडकीबाहेरून कोणीतरी काहीतरी विचारतं. इंग्रजी नाही. बाईंनी कानावर पडलं तसं लिहून घेतलं. तुमच्या भाषेतलं आहे का, असेल तर अर्थ कळवा.

इंग्रजी अक्षरांतलं ते अडखळत अडखळत वाचलं आणि मला अर्थ लागला. आपली अहिराणी, नऊ वर्षांत ऑल्डन साहेबांच्या तोंडी बसलेली. ‘आते कोनी बारी शे?’ आता पाळी कोणाची?

बॅटिंगची पाळी विचारत असणार, दुसरं काय? सुपडू आबांना वाचून दाखवलं तर ते मोठ्यानं हसले. मग हसता हसता थांबले आणि म्हणाले, पुढचं वाच.

पुढं डेंटन साहेबांनी घाईघाईत ताजा कलम लिहिलाय. ‘बाईंना आता तो आवाज येत नाही. काल पाद्रीसाहेबांना आलं. आज सकाळी, दाढी करताना, मला.’

उत्तराचं आंतरदेशीय नाही हो चालत, विमानाचं पत्र लागतं. ते आणून ठेवलंय. तुम्हीच सांगा, अर्थ काय लिहू? बॅटिंगची पाळी, की दुसरी कसली?