शेवटचे दोन

गंगापूर रोडवरच्या 'चपळ' व्यायामगृहात त्या दुपारी माणसं दोनच होती, पण समोरच्या भिंतीवर चाळीसेक घरं उजळली होती. कुणी सोफा बाजूला सरकवून जागा केली होती, कुणी वाळत घातलेल्या कपड्यांखालीच चटई अंथरली होती, आणि प्रत्येक चौकोनात एक घामाघूम माणूस होता. निजतापाच्या साथीने शहर बंद होऊन तिसरा महिना लागला होता. बाकीच्या व्यायामगृहांची गिऱ्हाइकं पहिल्या पंधरवड्यातच गळाली होती. 'चपळ'चं एकही गळालं नव्हतं, आणि नेमकी हीच गोष्ट मालकीणबाई शाल्मली खैरनारला खुपत होती.

"डॉक्टर, तुमचं यंत्र खोटं बोलतंय," ती म्हणाली.

डॉ. हेरंब पिंगळे मेंदूवैज्ञानिक होते. पोट कमी करायला म्हणून ते 'चपळ'मध्ये आले. पोट जिथल्या तिथे राहिलं, पण शहर बंद झाल्यावर त्यांनी शाल्मलीला 'प्रतिगुरू' बनवून दिला. तिच्या वर्गांची जुनी ध्वनिमुद्रणं ऐकून शिकलेला हा संगणक तिच्याच आवाजात एकाच वेळी प्रत्येकाशी वेगळं बोलायचा. छातीवर बांधलेला श्वासपट्टा ज्याचा त्याचा श्वास भिंतीवर रेषेने काढून दाखवायचा. प्रतिगुरूला उद्दिष्ट एकच दिलेलं होतं: समोरच्याने अर्ध्यावर सोडून जाता कामा नये.

"खोटं म्हणजे?"

"'शेवटचे दोन' म्हणतो आणि सहा करून घेतो."

"मॅडम, ते तो तुमच्याकडूनच शिकलाय. मी स्वतः त्यातला बळी आहे."

शाल्मलीला हसू आलं. या धंद्यातला प्रत्येक जण ही थाप मारतो, आणि मारताना कुणालाही पाप लागत नाही.

"पण ती चालते कशी? रोज फसतात आणि रोज करतात."

"कारण दमणं हे स्नायूंत कमी आणि मेंदूत जास्त असतं," हेरंब खुर्ची पुढे ओढत म्हणाले. "मेंदू मोठा हिशेबी. शेवट किती लांब आहे याचा अंदाज घेऊन तो ताकद हात राखून सोडतो. शेवट जवळ दिसला की राखलेली सगळी बाहेर काढतो. तुमचे 'शेवटचे दोन' म्हणजे त्या तिजोरीची किल्ली."

"आणि थाप आहे हे ज्याला पक्कं माहीत आहे त्याचं काय?"

"त्याच्यावर नाही चालायची. तुमच्यावर तर मुळीच नाही. मग तुम्ही आमच्याबरोबर सगळं करूनही दमत कशा नाही?"

"मी मोजत असते ना. नवीन शिक्षक बैठकांनी नाही, मोजण्याने दमतात. तोंडाने आकडा काढायचा तर आधी छातीत हवा भरावी लागते. ती सवय लागली की श्वास आपोआप जागेवर राहतो."

हेरंबनी मान डोलावली. तेवढ्यात भिंतीवरचा एक चौकोन पिवळा झाला; पिवळा म्हणजे ताप. चौकोन नलूताई बोरस्ते यांचा होता.

दोघांच्याही तोंडचं पाणी पळालं. निजताप एरवी साधाच, पण तो उतरताना मेंदूतलं श्वासाचं केंद्र दीडेक दिवस झोपी जायचं. फुफ्फुसं ठणठणीत असायची, फक्त आपसूक चालणारा श्वास चालेनासा व्हायचा. प्रत्येक श्वास आठवून, ठरवून घ्यावा लागे. डोळा लागला की माणूस गेलाच. दीड दिवस तग धरला तर केंद्र आपोआप जागं होई, आणि मग तो ताप त्या माणसाकडे पुन्हा फिरकत नसे. एवढीच काय ती त्याची सभ्यता.

नलूताई एकट्या राहायच्या. तरुणपणी गोदावरीच्या पुरात पुलावरून उड्या मारणारी ही बाई सत्तरीलाही कुणाचं ऐकत नव्हती. शाल्मलीने शहरातल्या सगळ्या दवाखान्यांना फोन लावले. एकही श्वसनयंत्र रिकामं नव्हतं.

"प्रतिगुरूला बैठकांऐवजी श्वास मोजायला लावू," हेरंब म्हणाले.

"दीड दिवस?"

"दीड दिवस हा शब्द त्यांच्या कानावर पडता कामा नये. ऐकला की मेंदू आधीच हात टेकेल."

मग ती थाप दीड दिवस चालली. शेवटचे दोन, नलूताई, मग पाणी. शेवटचे दोन, मग खिडकी उघडू. शेवटचे दोन, मग गाणं लावते. पेंगुळलेला मेंदू मागचा हिशेब ठेवत नाही. शाल्मली भिंतीसमोरून हलली नाही. रेषा आपली आपण चालायला लागली तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला.

आठवड्याने नलूताई हिंडूफिरू लागल्या, तशी शाल्मलीने सगळं खरं सांगून टाकलं.

"म्हणजे दीड दिवस मला बनवलंस?"

"हो."

"झकास बनवलंस! पण आता मला कळलंय हं. पुन्हा नाही फसायची मी."

"पुन्हा कशाला? हा ताप दुसऱ्यांदा येत नाही, नलूताई."

पुढच्या पंधरवड्यात प्रतिगुरूने याच थापेवर आणखी काही जणांना तारून नेलं. मग शाल्मलीलाच ताप आला.

घरी मुलगी आणि सासूबाई होत्या, म्हणून ती व्यायामगृहातच राहिली. हेरंब विलगीकरणाच्या नियमाप्रमाणे स्वतःच्या घरून पडद्यावर बसून होते. ताप उतरला आणि तिचा श्वास थांबू लागला. पहिला अर्धा दिवस तिने केवळ हट्टाने काढला. मग डोळे मिटू लागले.

"शेवटचे दोन, शाल्मली," तिचाच आवाज खोलीभर घुमला. "मग पाणी."

आवाज तिचा आणि थापही तिचीच. पुढे दोन नाहीत, हजारो आहेत, हे तिच्या मेंदूला स्वच्छ ठाऊक होतं. तो तिजोरी उघडेना.

"मॅडम, घ्या! घ्या ना!" हेरंब ओरडत होते. त्यांनी विनवलं, दटावलं, मुलीचं नाव घेतलं. दर वेळी ती एखादा श्वास घ्यायची आणि पुन्हा कलंडायची. दोन श्वासांमधली सपाट रेषा लांबत चालली होती. आयुष्यात आपण एवढे कधी घाबरलो नव्हतो, हे हेरंबना त्या क्षणी कळलं. त्यांनी दुसरा फोन उचलला आणि खालच्या आवाजात कुणाशी तरी बोलले.

थोड्याच वेळात भिंतीवर नलूताईंचा चौकोन लाल झाला.

"शाल्मली... अगं, परत आलाय मला. श्वास विसरायला होतंय गं."

शाल्मलीने डोळे उघडले. नलूताईंची रेषा सपाट पडली होती.

"प्रतिगुरू लावा त्यांना!" ती कशीबशी म्हणाली.

"त्याचं नाही चालत माझ्यावर आता," नलूताई पुटपुटल्या. "थापाड्या आहे तो. तू मोज. खरी तू."

शाल्मली कोपरावर उठली. "घ्या!" ती ओरडली. रेषा वर गेली, खाली आली, थांबली. "घ्या, नलूताई!" पुन्हा वर. ती गप्प राहिली की रेषा गप्प. तिने भिंतीला पाठ लावली आणि आपली झोप, आपला ताप, सगळं बाजूला ठेवलं. दुपार कलली, दिवे लागले, पुन्हा ऊन आलं. घसा बसला तरी 'घ्या' थांबलं नाही. एकदा तिची मान खाली गेली. समोरची रेषा सपाट पडली, पडूनच राहिली, आणि ती दचकून किंचाळली, "घ्या!" रेषा धडपडत वर आली.

"डॉक्टर, त्यांच्याकडे कुणाला तरी पाठवा!"

"पाठवलंय," हेरंब म्हणाले आणि तोंड फिरवून त्यांनी डोळे पुसले.

मग एक 'घ्या' तिच्या ओठांवरच राहिलं आणि ती आडवी झाली.

जाग आली तेव्हा ऊन मॅटवर आलं होतं. नलूताईंचा चौकोन काळा होता.

"झोपले मी," ती उठून बसत म्हणाली. "डॉक्टर, मी झोपले! मारलं मी त्यांना!"

"मॅडम, आधी तुमची रेषा बघा."

तिची रेषा संथपणे वरखाली होत होती. झोपेतही झाली होती. केंद्र जागं झालं होतं.

"माझं जाऊ द्या हो! नलूताई?"

"निजताप दुसऱ्यांदा येतो का?"

ही गोष्ट शाल्मलीनेच नलूताईंना सांगितली होती. ग्लानीत आठवली नव्हती.

"पण त्यांचा श्वास थांबत होता. मी बघत होते."

"थांबतच होता. श्वासपट्ट्याला फसवता येत नाही, म्हणून त्या खरोखर रोखून धरायच्या, तुम्ही 'घ्या' म्हणेपर्यंत." हेरंबनी भिंतीवर दोन रेषा एकाखाली एक मांडल्या. "वरची तुमची. नलूताईंच्या प्रत्येक श्वासाआधी तुमचा एक श्वास आहे. तोंडाने आकडा काढायचा तर आधी हवा भरावी लागते, हे तुम्हीच सांगितलं होतं मला. तुमच्यासाठी 'शेवटचे दोन' खोटं होतं. दुसऱ्यासाठीचं 'घ्या' मात्र तुम्हाला खरं वाटणार होतं. यंत्राला हे सुचलं नाही. मलाही फार उशिरा सुचलं."

काळा चौकोन उजळला. नलूताई पट्टा काढून पांघरुणात पडल्या होत्या. चेहरा ओढलेला, डोळे सुजलेले.

"उठलीस? आता फिट्टंफाट झाली बघ."

शाल्मलीला रडू फुटलं. "मी 'घ्या' म्हटलंच नसतं तर?"

"घेतला असता की! वेडी आहे का मी?" त्या जरा थांबल्या. "पण एकदा तू फार उशीर केलास बाई. डोळ्यांपुढे काजवे चमकले. आपला आपण घेतला असता तर रेषेवर दिसलं असतं, आणि तू मोजणं सोडलं असतंस. मग मनाशी म्हटलं, रोखून धर नलू, शेवटचे दोन."

"अहो, पण ती थाप आहे हे तुम्हाला माहीत होतं," हेरंब गोंधळून म्हणाले. "माहीत असलेल्यावर ती चालत नाही."

"चालली खरी. आता तुमचं शास्त्र तुम्ही बघा, मला झोपू द्या."

त्या कुशीवर वळल्या. चौकोन बंद करायचं त्यांच्या लक्षात आलं नाही, आणि शाल्मलीनेही तो बंद केला नाही. पांघरूण वर जात होतं, खाली येत होतं. बराच वेळ ती नुसती बघत बसली, एकदाही न मोजता.