पेडलमधली पाचर

रविवारी दुपारी थर्मासमध्ये चहा भरून मी डार्बीशरच्या आमच्या जुन्या रेल्वे शेडमध्ये गेलो. एडविन पिकर्सगिल आम्ही चालवलेल्या जातीच्या डिझेल एंजिनांचा इतिहास लिहीत होता. वीस बांधली, सहा वर्षांत एकोणीस भंगारात गेली. उरलेल्या एकाच्या केबिनमध्ये आम्ही बसलो. बाहेर दाट धुकं. आत जुन्या तेलाचा वास.

"चौसष्ट सालच्या अपघातात तुम्ही चालक क्लेम हॅडफील्डचे मदतनीस होता ना, मिस्टर ऑगडेन?"

"होतो. मागं डबे गरम ठेवणाऱ्या वाफेचा बॉयलर बघत होतो."

चालकाचा पाय पेडलवरून सुटला की ब्रेक आपोआप लागायचा. पण तासन् तास पाय दाबून बसणार कोण? सगळेच लाकडी पाचर ठोकून पेडल दाबून ठेवत. क्लेमचा गुडघा दुखे; 'विल्फ, एक पाचर दे रे,' म्हणाला, म्हणून ती मीच तासून दिली होती. त्या दिवशी तो भोवळ येऊन पडला आणि गाडी न थांबता उभ्या कोळशाच्या वाघिणींवर आदळली. क्लेम त्यातच गेला.

चौकशीत मी सांगितलं, पेडल अडकलं. मग काय, सगळं खापर एंजिनांवर फुटलं.

"पुस्तकात काय लिहू?" एडविननं विचारलं.

तीस वर्षांनी खरं बोलायची संधी समोर बसली होती. आणि मी निर्लज्जासारखा म्हणालो, "लिही... पेडल अडकलं."

तो लिहू लागला. बराच वेळ लिहीत राहिला. एवढं काय लिहितोय...? तेवढ्यात माझ्यासमोरचं पेडल हळूहळू खाली गेलं. त्यावर कुणाचाच पाय नव्हता.

"एडविन... वाच बघू."

त्यानं वाचलं, "'क्लेम अडकला होता, श्वास चालू होता. मी आधी पाचर उपटून धुक्यात फेकली. मग मदतीला हाका मारल्या.'"

शरमेनं माझे कान तापले. हे मी बायकोलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं.

"हे... मी बोललो?"

"आत्ताच की! तुमचाच आवाज." एडविननं पेन्सिल कानामागं खोचली. "तुम्ही बोललात ते धाडसाचं आहे, मिस्टर ऑगडेन. फक्त एक कळलं नाही. मधेच तुमच्यामागून कुणीतरी कण्हत म्हणालं, 'विल्फ, पाचर राहू दे रे... आधी मला काढ.' तो कोण?"