आत्याचं ऑर्किड

मला हुबेहूब तसंच ऑर्किड हवं होतं, आणि आजच. रोपवाटिकेत शिरले ती समोरून कुंडी घेऊन येणाऱ्यावर आदळलेच. माती त्याच्या शर्टावर, थोडी माझ्या ओढणीवर. सॉरी म्हणायचंही भान नव्हतं. मी सरळ फोनमधला फोटो पुढे केला, अगदी असंच हवंय म्हणाले. जांभळी फुलं, सहा रुंद, हिरवीगार पानं.

रोपवाटिका त्याचीच होती. त्याने विचारलं, पहिल्याचं काय झालं?

त्या शांत नजरेपुढे मी भडाभडा सगळं सांगून टाकलं. मला वाढवणारी आत्या हृदयाच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होती. ती रोज विचारायची, माझ्या ऑर्किडची पानं कशी आहेत. आणि मी रोज सांगायचे, छान आहेत. प्रत्यक्षात रोज पाणी ओतून मी मुळं कुजवली होती. पिवळी पानं माना टाकून लोंबत होती. आत्या बारा दिवसांनी घरी येणार होती.

त्याने मागच्या फळीवरून तसंच एक ऑर्किड उचललं... आणि परत ठेवलं.

"हे देणार नाही. आधी तुमचं झाड बघू."

रागारागातच मी पत्ता दिला.

संध्याकाळी तो आला. खिडकीशी बसून त्याने काळी, लिबलिबीत मुळं कापली, कापलेल्या जागी दालचिनीची पूड लावली, झाड कोरड्या सालीच्या तुकड्यांत बसवलं. दोनच पानं उरली. पान कसं पुसायचं तेही त्यानेच शिकवलं – खालून एका हाताचा आधार, वरून ओलसर फडकं, बुडाशी पाणी साचू द्यायचं नाही. आधार देताना माझा हात त्याच्या तळहातावर टेकला. दोघांनीही तो लगेच काढला नाही.

मग तो एक दिवसाआड येऊ लागला. चौथ्या दिवशी एका पानावर तपकिरी डाग उमटला, आणि माझा धीर सुटला. ते दुसरं झाड द्याच, मी विनवलं. तो म्हणाला, झाड वाचेल याची खात्री नाही, पण आत्याला फसवायला मी मदत करणार नाही. मी त्याला दार दाखवलं.

तो गेला. आठ दिवस फिरकला नाही. मी मात्र दवाखान्यात जाऊन आत्याला खरं सांगून आले. ती भिंतीकडे तोंड करून झोपली. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

घरी आल्यावर ती आधी खिडकीशी गेली. ते डागाळलेलं पान निरखलं, मुळं चाचपली.

"कापलंय कुणी? जरा जास्तच कापलंय. बोलव त्याला."

मी फोन केला. तो आला, मान खाली घालून आत्याची बोलणी खाल्ली. मग ती आत जाऊन पडली, आणि आम्ही दोघंच उरलो.

"त्या दिवशी मी..." मी अडखळले.

"झाडाला आठवड्यातून एकदा पाणी पुरतं," तो हळूच म्हणाला. "मी तुमच्यासाठी येत होतो. जगलं, नाही जगलं... तरी येऊ का?"

मला 'या' म्हणायचं होतं. पण तोंडून निघालं,

"ये."