भार्गवीने न घेतलेला फोटो

डब्लिनजवळच्या डून लेरीच्या लांब धक्क्यावर असा वारा सुटला होता, की माणसाने तोंड उघडावं तर शब्द मागे आणि माणूस पुढे. प्रभाबाई तरीही बोलत होत्या. अकोल्याहून इथे राहणाऱ्या लेकीकडे उन्हाळ्यापुरत्या आलेल्या. साडीवर लेकीचं जाडं जॅकेट चढवलेलं, पण तोंडाला बटण लावायची सवय त्यांना जन्मात नव्हती.

"पाह्य वं भार्गवी, तो मानूस. कसा वाकडा होऊन राहिला, जसं काही कंबर चोरीले गेली."

कठड्यापाशी एक जण कॅमेरा डोळ्याला लावून वाकला होता. टोपी कानांवर ओढलेली, मफलर गुंडाळलेला, मफलरच्या वरून दाढी बाहेर आलेली.

"आई, हळू बोल ना."

"काहून हळू? त्याले काय मराठी समजते?"

मग भार्गवीलाही चेव आला. "दाढी बघ. चिमण्यांनी अर्धवट सोडून दिलेलं घरटं."

दोघी मायलेकी हसल्या. भार्गवी तर मान मागे टाकून, पार दात दिसेपर्यंत. तेवढ्यात तो वळला, कॅमेरा वाजला — आणि खाली आला.

"कंबर आहे अजून जागेवर, काकू," तो म्हणाला. "घरट्याचं म्हणाल तर... चिमण्या परत यायच्यात."

प्रभाबाईंनी पदर तोंडाला लावला. भार्गवीने समुद्राकडे पाहिलं, पण समुद्र काही तिला पोटात घ्यायला तयार दिसेना. परदेशातल्या मराठी माणसाची ही खोडच. आपली भाषा म्हणजे आपलं बंद दार असं समजायचं आणि भर रस्त्यात वाट्टेल ते बोलायचं. दार नेमकं उघडं निघतं.

"तुम्ही माझा फोटो काढलात?" भार्गवीने लाज झाकायला राग पुढे केला.

"तुम्ही माझी टिंगल केलीत. फिट्टंफाट."

"पुसून टाका."

"रोल आहे हा. पुसता येत नाही. धुऊन आला की तुमच्या हातात देईन. तसा नेमच आहे माझा."

त्याचं नाव विक्रांत. पुण्याचा. ब्लँचर्डस्टाउनला अनीशकडे उतरला होता, आणि अनीश म्हणजे भार्गवीच्या गणपती मंडळातला. डब्लिनमधली मराठी माणसं एकाच ताटातली. भाताला हात लावला की बोटाला आमटी लागतेच. लांबून येऊन या शहरात रुजलेल्या माणसांचे फोटो काढायचं काम त्याने घेतलं होतं. अनीश त्याला गल्ल्या दाखवायचा. अनीशला दरवेळी सुट्टी मिळेना, म्हणून मग भार्गवी जाऊ लागली. फक्त रस्ता दाखवायला, असं तिने आईला सांगितलं. आईने भाजी निवडता निवडता मान हलवली. तिला रस्ते आणि आडरस्ते दोन्ही कळत होते.

विक्रांतची कामाची तऱ्हा निराळी होती. आधी कॅमेरा पिशवीत. माणसाशी बोलायचं, चहा प्यायचा, त्याच्या पोरांची नावं विचारायची. मूर स्ट्रीटवरच्या मासेवालीपाशी तो इतका वेळ उभा राहिला, की तिने त्याला बर्फाची पेटीच उचलायला लावली. लिफी नदीच्या पुलावर सायकलला डब्यांची पिशवी बांधलेला एक ब्राझीलचा मुलगा भेटला. त्याच्याशी हा त्याच्यासारखंच मोडकंतोडकं, हातवारे करत बोलला. भार्गवी बघत राहायची. मग आपण बघतोय हे लक्षात आलं की दुकानांच्या पाट्या वाचायची.

"हे सगळं कुठे शिकलास?" एका शनिवारी तिने विचारलं. तोवर 'तुम्ही' कधीच गळून पडलं होतं. भुरभुर पाऊस होता, आणि दोघांत एकच छत्री — तीही वाऱ्याने उलटी व्हायला टपलेली.

"वाल्पाराइसोत. चिलीमध्ये आहे, समुद्राकाठी. सगळं शहर डोंगराच्या अंगावर. जिने चढून चढून गुडघे बोलायला लागतात. तिथल्या मित्रांनी मला घरोघर हिंडवलं. एक म्हातारी होती, पाव भाजणारी. मी न विचारता तिचा फोटो काढला. तिने माझी कॉलर धरली. म्हणाली, माझा चेहरा घेऊन चाललास, परत कधी देणार? तेव्हापासून ज्याचा फोटो काढला, त्याच्या हातात त्याची प्रिंट द्यायची. सगळ्यांची देऊन झाली, की मगच शहर सोडायचं."

"आणि कुणी घेतलीच नाही तर?"

"अजून असं कुणी भेटलं नाही," तो हसला. छत्री तिच्याकडे जरा जास्त कलली. त्याचा एक खांदा पार भिजला, आणि ते तिला घरी पोहोचेपर्यंत आठवत राहिलं.

त्याला वाल्पाराइसोला परत जायचं होतं. मोठं काम होतं, वर्षभराचं. त्याच मित्रांनी मिळवून दिलेलं, खोलीसुद्धा पाहून ठेवलेली. हे भार्गवीला पहिल्यापासून ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि जाण्याची तारीख कानावर पडणं वेगळं.

मासेवालीला तिची प्रिंट मिळाली. ब्राझीलच्या मुलाला मिळाली. मग विक्रांत भार्गवीसमोर आला, हातात खाकी पाकीट घेऊन.

"तुझी."

ती भांडी घासत होती. "हात ओले आहेत."

पुढच्या वेळी म्हणाली, "आज अमावास्या. आई म्हणते, आज नवी वस्तू घेऊ नये." पलीकडच्या खोलीत आईने हे ऐकलं आणि कपाळावर हात मारला. त्यानंतर एकदा सिटीवेस्टला तिच्या ऑफिसबाहेर तो लुआस ट्रामच्या थांब्यावर उभा दिसला. भार्गवी मैत्रिणीच्या गाडीतून दुसऱ्या वाटेने घरी गेली. बाईसाहेब दिवसभर कंप्युटरला हुकूम सोडायच्या आणि तो मुकाट ऐकायचा. पण एका हाडामासाच्या माणसाला एक वाक्य सांगायचं, तर जीभ टाळूला चिकटत होती. 'थांब' म्हणायचं म्हणजे पदर पसरायचा. ते तिच्या घरात कुणी केलं नव्हतं. त्यापेक्षा त्याच्याच नेमाने त्याला अडकवलेलं बरं.

आणि तो अडकलाही. अनीशने फोन केला. "त्याने तिकीट पुढे ढकललं यार. विचारलं तर म्हणतो, एक प्रिंट राहिलीय."

त्या दिवशी भार्गवीने शिरा केला. प्रभाबाईंनी दोन घास खाल्ले आणि वाटी खाली ठेवली.

"कोनासाठी गोड करून राहिली?"

"सहजच."

"सहज म्हने. मले येडी समजते का? पोरी, जनावराले दावं बांधून ठेवता येते. पन ते खुट्याशी उभं राह्यते, घरी राह्यत नाई. फरक समजते ना तुले?"

"तूच म्हणायचीस, बाईने कुणाच्या पाया पडू नये."

"पाया पडू नये म्हनलं. खोटं बोलावं असं कवा म्हनलं?"

भार्गवीच्या तोंडातला शिरा मातीसारखा झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी अनीशचा पुन्हा फोन. या वेळी आवाजात थट्टा नव्हती. "भार्गवी, तो तुला सांगणार नाही, म्हणून मी सांगतो. तिथल्या लोकांनी आज निरोप धाडलाय. या आठवड्यात नाही पोहोचला तर काम दुसऱ्याला देतायत. त्याच्या मित्रांनी शब्द टाकला होता गं त्याच्यासाठी, त्यांचीही मान खाली जाईल. आजचं शेवटचं विमान आहे त्याच्यासाठी. सामान भरलंय. पण म्हणतो, आधी डून लेरीला जाऊन येतो, ती घेते का बघतो. नाही घेतली तर राहतो."

"आता कुठे आहे?"

"तुमच्या स्टेशनवर उतरला असेल."

भार्गवी घरातल्या सपाता घालूनच पळाली.

तो प्लॅटफॉर्मवरच होता, बाकावर, पाठीवरची मोठी बॅग पायाशी. तिला धावत येताना पाहून उभा राहिला. दाढीतून हसू फुटलं आणि तिचा चेहरा पाहून विझलं.

"दे," भार्गवीने हात पुढे केला.

"हात कोरडे आहेत?"

"विक्रांत, दे."

त्याने पाकीट काढलं, पण सोडलं नाही. एक टोक त्याच्या बोटांत, एक तिच्या. "दिलं की मला जावं लागेल."

"जा की."

"तुला चालेल?"

"नाही चालणार." शब्द बाहेर पडला आणि तिचाच आवाज तिला परका वाटला. "चालणार नाही, म्हणून तर घेत नव्हते. अमावास्या नव्हती त्या दिवशी. तुला अडवलं मी... तुझ्याच चांगुलपणाचा फास करून. आणि तू बावळटासारखा अडकलास."

"बावळट नाही. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

"मग गप्प का बसलास?"

"काय बोलणार?" त्याचा आवाज पहिल्यांदाच चढला. "तू घेत नव्हतीस, आणि तोंडाने काही सांगतही नव्हतीस. मी थांबलो असतो, तर कशासाठी थांबलो हे तुला कधी कळलं नसतं. नेमासाठी, की..."

"की?"

लांबून डार्ट, म्हणजे इथली लोकल, येताना दिसली. हिरवी गाडी, दिवे लावलेली, अजिबात घाई नसलेली.

भार्गवीने पाकीट ओढून घेतलं. उघडलंही नाही, छातीशी धरलं. "घेतलं. झालास मोकळा. थांब म्हणणार नाही मी. माझ्यासाठी ते काम सोडलंस, तर रोज सकाळी चहा देताना मला वाटेल, आपण चोरीचा माल घरात ठेवलाय."

"झालो मोकळा?"

"हो."

"आता जे बोलेन ते माझं? नेमाचं नाही?"

"बोल लवकर, गाडी आली."

"तू मला आवडतेस, भार्गवी. धक्क्यावर मला नावं ठेवलीस तेव्हापासून. मी वर्षभर तिथे असेन. मी उठेन तेव्हा तू जेवायला बसलेली असशील, आणि मी रोज विचारेन काय जेवलीस. वैताग येईपर्यंत विचारेन. मग परत येईन. तू म्हणालीस तर."

दारं उघडली. माणसं उतरली. एका आयरिश आजोबांनी या दोघांना वळसा घातला आणि "ग्रँड", म्हणजे इथल्या बोलीत झकास, म्हणून पुढे गेले. कशाला म्हणाले, त्यांनाच ठाऊक.

विक्रांतने बॅग उचलली, आत पाऊल टाकलं, वळला. तो विचारणार नव्हता. त्याचं बोलून झालं होतं. आता तिची पाळी, आणि दारं मिटायच्या आधीची ती पिपाणी वाजायला लागलेली.

"ये," ती म्हणाली. "परत ये. मी वाट बघेन... मला येत नाही वाट बघायला, पण बघेन."

आणि मग, एवढं सांगून घरी जाऊन भांडी घासणं काही शक्य नाही हे कळल्यावर, ती सपातांसकट गाडीत शिरली. दारं तिच्या ओढणीच्या टोकाला चाटून मिटली.

"कॉनोली स्टेशनपर्यंतच," ती धापा टाकत म्हणाली. "तिथून तू विमानतळाची बस धर. मी परत येईन."

"तिकीट?"

"काढलं नाही."

"दंड भरावा लागेल."

"भरीन. सरक तिकडे."

खिडकीबाहेर समुद्र सोबत धावत होता. दोघंही खिडकीकडेच बघत होते. त्याचा हात तिच्या हाताला टेकला आणि तिथेच राहिला.

फोन वाजला. आई.

"कुठी हायेस?"

"गाडीत."

"त्याच्यासंगं?"

"हो. स्टेशनपर्यंत सोडायला. जातोय तो."

"फोटो घेतला?"

"घेतला."

"हाव. बरं झालं." प्रभाबाईंनी नाक ओढलं, की पदराने पुसलं, कळलं नाही. मग आवाज नेहमीसारखा खणखणीत झाला. "त्याले इचार, मायबाप कुठी राह्यतात. अन् फोन नंबर काय त्याहीचा. मानूस परदेशी जाते तर जाऊ दे, पन इचारपूस कोनी करावं का नाई?"

शेजारी विक्रांतने सगळं ऐकलं होतं. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

भार्गवीने फोन त्याच्या हातात दिला.