भाट्याच्या खाडीतली मोजणी

तस्नीम मुकादम खुर्चीत बसलीच नाही. तिने खाजगी गुप्तहेर गोदा राऊतच्या टेबलावर एक शोधनिबंध टाकला. भाट्याच्या खाडीतल्या तिसऱ्या, म्हणजे चिखलातली खाण्याची शिंपली, तिने दोन वर्षं दर रविवारी चिखलात उतरून मोजल्या होत्या. ही शिंपली झपाट्याने कमी होतायत, हा तिचा निष्कर्ष. निबंधावर नाव मात्र डॉ. समर्थ शितोळे यांचं. ते तिच्याच कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत. तिने त्यांना आकडे तपासायला दिले होते.

आता ते तिलाच चोर म्हणत होते. सोमवारी तिची बढतीची मुलाखत. छापील निबंधाशिवाय अर्ज बाद, आणि ठपका बसला तर नोकरीही जाणार.

"मोजणीच्या वह्या?" गोदाने विचारलं.

"कपाटातून गेल्या."

गोदाचा सहकारी दीपक, निवृत्त हवालदार, जिन्यातच कुरकुरला. ज्याच्या नावावर सत्तावीस निबंध, तो आणखी एक कशाला चोरेल?

कपाटाची चावी प्रयोगशाळेतल्या मनस्वीकडे असे. चावी सगळेच नेतात, तिने तुटकपणे सांगितलं. शितोळेंना दिलेली फाईल तिनेच टाइप केली होती. "त्यात तारीख आणि आकडा, एवढंच. वेळा वहीतच राहिल्या."

शितोळेंनी दारातच अब्रुनुकसानीची धमकी दिली. मोजणी आपली, तस्नीम नुसती सोबत यायची, असं ते म्हणाले. गोदाने मोजणीची वेळ विचारली.

"दर रविवारी सकाळी दहा. दोन वर्षांत एकदाही चुकली नाही. शिस्त लागते, बाई."

रविवारी दहाला गोदा आणि दीपक खाडीवर गेले. पाणी ओसरलेलं, जनी नावाची बाई चिखलातून तिसऱ्या काढत होती. शितोळेंचं खरंच आहे, दीपक म्हणाला. गोदाने जनीला विचारलं, पुढच्या रविवारी याच वेळी आलं तर?

"बुडाल. तवा हितं गळ्याइतकं पाणी."

सोमवारी मुलाखतीआधी प्राचार्यांच्या खोलीत सगळे जमले.

"ओहोटी रोज पाऊण-एक तास पुढे सरकते," गोदा म्हणाली. "एका रविवारी दहाला चिखल उघडा पडला, तर पुढच्या रविवारी दहाला भरती. निबंधात एकही रविवार सुटलेला नाही. सर, निम्मे आकडे तुम्ही पाण्याखाली मोजलेत?"

शितोळे निबंधाची पानं उलटू लागले.

"खऱ्या वेळा वह्यांत होत्या. तुम्हाला फाईल मिळाली, तीत वेळाच नव्हत्या. वह्या निदान वाचून मग नाहीशा करायच्या."

तस्नीमच्या नावाने हा निबंध कुणी छापलाच नसता का, असं प्राचार्यांनी विचारलं. "तिला ओळखतं कोण?" शितोळे फिस्कारले. "माझ्या नावावर छापला गेला तो."

आपलं नाव मागे घेऊन निबंध तस्नीमच्या नावे करावा, असं पत्र प्राचार्यांनी शितोळेंपुढे सरकवलं. त्यांनी पेन उचललं नाही.

तस्नीम जाऊन दारात उभी राहिली. बाहेर मुलाखतीसाठी तिचं नाव पुकारलं गेलं, दुसऱ्यांदाही. सही होईपर्यंत ती हलली नाही.