बुधवाऱ्यातल्या थंड चुली

"हेही बंद," सुमन म्हणाली.

"हेही?" खंडव्याच्या प्रकाशरावांनी छत्री जमिनीवर आपटली. "पोरी, तुझ्या गावात माणसं जेवतात, की नुसती गाणी ऐकून जगतात?"

बुऱ्हाणपूरच्या बुधवारा पेठेत, भर रस्त्यात, मे महिन्याच्या भर दुपारी, सुमनच्या मागे पाहुण्यांची रांग उभी होती. अमरावतीचे, भुसावळचे, खंडव्याचे. सगळे रेडिओचे वेडे. रेडिओला पत्रं पाठवून आवडीचं गाणं लावायला सांगायचं, म्हणजे फर्माइश करायची, आणि मग निवेदकाच्या तोंडून आपलं नाव ऐकायला कान टवकारून बसायचं, हा त्यांचा धर्म. अशा श्रोत्यांचं संमेलन यंदा बुऱ्हाणपूरला भरलं होतं. राज्यांच्या नव्या सीमा आखून वर्षही झालं नव्हतं. अमरावती नकाशात रेघेपलीकडे गेली होती आणि बुऱ्हाणपूर अलीकडे राहिलं होतं. पण फर्माइशीत सगळी गावं अजून एका दमात वाचली जात, म्हणून हे लोक रेघबीघ मानत नसत. भूक मात्र मानत होते. ती इतकी लागली होती, की त्यांच्या पोटांच्या आवाजाने दोन बैल बिथरले आणि टांग्याचा एक घोडा मागच्या मागे पळाला. खोटं वाटत असेल तर घोड्याला विचारा.

"सुमे, मी सकाळीच म्हटलं होतं, आधी जेवण, मग गाणी," निंबा म्हणाला. निंबा सुमनचा मामेभाऊ. सुट्टीत धूलकोटहून आला होता, आणि आल्यापासून खात होता.

"तू जन्मल्यापासून तेच म्हणतोयस."

"मग मले भूकच तशी लागते!"

सुमनचा जीव मात्र वेगळ्याच गोष्टीसाठी टांगणीला लागला होता. श्रोता महासंघाचा एक मोठा, पॉलिश केलेला रेडिओ होता. गेलं वर्षभर तो गावातल्याच राजपुऱ्यात तिच्या अनंतकाकांच्या ओट्यावर होता. पुढचं वर्ष तो कुठे राहणार, हे आज संध्याकाळी पाहुणे हात वर करून ठरवणार होते. सुमनने फर्माइशीची कार्डं टाकून टाकून पोस्टमनला दमवलं होतं, तरी तिचं नाव अजून एकदाही आलं नव्हतं. रेडिओ गेला आणि दुसऱ्याच दिवशी नाव आलं तर? ते तिला कळणार कसं?

"खंडव्यात अशी आबाळ झाली नसती," प्रकाशराव सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "रेडिओ तिथेच बरा."

सुमनने दात आवळले. "काकांनी मला सांगितलं, व्यवस्था झालीय, पाहुण्यांना फक्त बुधवाऱ्यात घेऊन जा. सरुबाईंची खानावळ बंद. भाईदासची शेवभाजी बंद. कौतिकशेठची माव्याची जिलबी, जी त्यांचं लग्न होतं त्या दिवशीही चालू होती, तीसुद्धा बंद. एका तरी चुलीतून धूर निघायला नको?"

"चोरी झाली असेल," सुमनचा धाकटा भाऊ अरविंद म्हणाला. त्याला सगळीकडे चोर दिसत. आवाज मात्र देवाने त्याला असा दिला होता, की डोळे मिटून ऐकलं तर रेडिओच लागलाय असं वाटे.

"चुलींची?"

"स्वयंपाक करणाऱ्यांची."

पाहुण्यांना एका कडुनिंबाखाली बसवून तिघं संमेलनाच्या मांडवाकडे पळाली. मांडवात खुर्चीला खुर्ची लागली होती. टोप्या, कोट, काळे चष्मे, छातीवर बिल्ले. अनंतकाका संमेलनाचे चिटणीस. ते माइकसमोर उभे राहून 'रेडिओ आणि मानवजात' यावर बोलत होते, आणि मानवजात संपायला अजून बराच वेळ होता.

"काका, सगळं बंद आहे," सुमन मंचाखालून म्हणाली.

"असं कसं? व्यवस्था झालीय." काकांनी हाताने तिला माशीसारखं उडवलं आणि पुढे चालू केलं.

"ऐकतसुद्धा नाहीत," सुमन वैतागून म्हणाली. "आणि हे म्हणे श्रोते!"

तेवढ्यात निंबा जागच्या जागी थांबला. त्याने नाक वर केलं.

"जिलबी," तो म्हणाला.

"निंबा, पुरे आता."

"नाही वं. खरंच. तिसऱ्या रांगेत जिलबी. तिकडे शेवभाजीचा मसाला. आणि बायांच्या बाजूला फोडणी." तो डोळे मिटून बोटाने दाखवत होता. "खायचं काही नाही, अन् वास आहे. कपड्यांचा वास हाये हा!"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग तिसऱ्या रांगेत पाहिलं. काळा चष्मा, गळ्यात रुमाल, सिनेमातल्या नायकासारखा पाडलेला भांग, आणि मांडीवर ठेवलेल्या हाताची बोटं पाकाने पिवळी पडलेली.

"कौतिकशेठ?" सुमन कुजबुजली.

काळा चष्मा दुसरीकडे वळला. पुढची खुर्ची मिळवायला माणूस पहाटे येऊन बसला होता. उठला की खुर्ची गेली. अशा वेळी कौतिकशेठने सख्ख्या भावालाही ओळख दिली नसती.

"सगळे इथेच लपलेत," अरविंद म्हणाला. "आता उठवायचं कसं?"

सुमनने मंचावरच्या माइककडे पाहिलं. मग म्हणाली, "आपलं नाव आलं तर कोणता श्रोता बसून राहील रे?"

काका पाणी प्यायला वळले, एवढंच निमित्त. अरविंद माइकपाशी पोचला.

"अब पेश है आपकी फर्माइश," त्याचा गोड आवाज कर्ण्यातून मांडवभर पसरला. "फर्माइश करनेवाले हैं, बुधवारा, बुऱ्हाणपूर से कौतिक..."

"इथे! मी इथे!" काळा चष्मा खुर्चीवरच उभा राहिला.

"वहीं से भाईदास..."

मागून एक टोपी हवेत उडाली.

"...और सरुबाई."

"माय वं, माझं नाव आलं!" बायांच्या बाजूने पदर सावरत सरुबाई उठल्या.

"और इन सबका इंतजार कर रहे हैं," अरविंद त्याच गोड सुरात म्हणाला, "कडुनिंब के नीचे बैठे हुए, सुबह से भूखे मेहमान."

हवेतली टोपी खाली पडली.

"भुके?" सरुबाईंनी भाईदासकडे पाहिलं. "तू रांधणार होतास ना?"

"मी? अनंतभाऊ म्हणाले, कौतिकशेठ करतात, तू खुशाल ये."

"मला तर सांगितलं, सरुबाईंनी घेतलंय सगळं," कौतिकशेठ म्हणाले.

सगळ्यांच्या नजरा मंचाकडे गेल्या. अनंतकाकांना कुठल्याच श्रोत्याला 'येऊ नको' म्हणवत नसे. त्यांनी प्रत्येकाला दुसऱ्याचं नाव सांगून मोकळं केलं होतं, आणि मग स्वतःच विसरले होते. ते रिकाम्या भांड्यातून पुन्हा पाणी प्यायला लागले.

"चला आता," सुमन म्हणाली.

कौतिकशेठ हलेनात. "भट्टीपाशी गेलो तर सांजची फर्माइश चुकते, बेटा. आज माझं नाव यायचंच आहे. मन सांगतंय."

सुमनने मंचावरच्या रेडिओकडे पाहिलं. तो तिकडे गेला, तर आजची फर्माइश आपलीच चुकेल, हे तिला कळत होतं.

"मग रेडिओ भट्टीपाशी नेऊ," ती म्हणाली.

केळी वाहायच्या हातगाडीवर गादी टाकून रेडिओ निघाला. कौतिकशेठच्या अंगणात तिन्ही चुली एकत्र पेटल्या. भाकऱ्या थापल्या गेल्या, उडदाची डाळ घोटली गेली, शेवभाजीचा तवंग लाल झाला. आणि माव्याची जिलबी अशी उतरली, की अमरावतीच्या एका पाहुण्याने खाताना आपली टोपीही पाकात बुडवली, आणि निम्मी संपेपर्यंत त्याच्या लक्षात आलं नाही. प्रकाशरावांनी पट्टा दोनदा सैल केला.

संध्याकाळी मांडवात त्यांनीच सगळ्यांत आधी हात वर केला. "रेडिओ इथेच राहू द्या," ते म्हणाले. "पण पुढच्या वर्षी जेवणाचं या पोरांकडे द्या, चिटणिसांकडे नको."

मग काकांनी तिघांना मंचावर चढवलं.

"काका, फर्माइशीची वेळ झाली," सुमन म्हणाली. "मला भट्टीपाशी जाऊ द्या." रेडिओ अजून तिकडेच होता. रात्रीच्या गाडीने जाणाऱ्यांसाठी दुसरी पंगत शिजत होती.

"दोनच शब्द," काका म्हणाले. पहिल्या शब्दात निंबाचं नाक आलं, त्याच्या नाकाचे पूर्वज आले. दुसऱ्यात अरविंदचा गळा. मग 'आमची सुमन' सुरू झालं, आणि ते काही संपेना. कर्णा एवढ्या मोठ्याने सुमनचं कौतुक करत होता, की पलीकडच्या गल्लीतलं काही ऐकू येणं शक्य नव्हतं.

"काका, पुरे ना," ती तिसऱ्यांदा म्हणाली. टाळ्या पडल्या.

तेवढ्यात डाव हातात घेऊन, धापा टाकत सरुबाई मांडवात शिरल्या.

"पोरी! आलं वं तुझं नाव! रेडिओत!"

काकांचं तोंड उघडंच राहिलं, पण आवाज बंद झाला. मांडवात एवढे सगळे श्रोते, आणि एकानेही ते ऐकलं नव्हतं.

सुमनच्या डोळ्यांत पाणी आलं. रागाचं की कशाचं, तिचं तिलाच कळेना. "काय म्हणाले ते? नीट सांगा."

सरुबाईंनी डाव खाली केला. घसा साफ केला. आणि पिठाने भरलेला पदर नीट करून, अगदी निवेदिकेसारख्या हळू, गोड आवाजात म्हणाल्या, "और बुऱ्हाणपूर से... सुमन."

"पुन्हा म्हणा."

सरुबाई पुन्हा म्हणाल्या. तेवढ्यात निंबाला वास आला. पलीकडे भट्टीवर शेवभाजी करपत होती. त्याने सुमनकडे पाहिलं, आणि जन्मात पहिल्यांदाच खाण्याबद्दल काही न बोलता गप्प बसला.