पेटीतला लाल दाणा

"चूक माझ्या अण्णांचीच होती, असा शेरा चौकशीत पडणार आहे," सृष्टी राजेश्वरीला म्हणाली. "असेल, तर तसं सांगा. पण तपासून सांगा."

राजेश्वरी खाजगी तपासाची कामं घेत असे. तिचा जोडीदार युवराज गाडी चालवी आणि शंका काढी. तिघं तेरखेड्याला निघाली.

तिथल्या एका फटाका कारखान्यात सृष्टीचे वडील, बलभीम, नेटवर्क सांभाळत. दसऱ्यानंतर पुठ्ठ्याच्या गोदामात धूर कोंडला. आत काम करणारे बलभीम बाहेर आलेच नाहीत. धुराचा अलार्म शाबूत होता; त्याच्या संदेशावर वाजणारा फाटकावरचा भोंगा मात्र वाजला नाही, त्यामुळे वेळेत कुणाला कळलंच नाही.

वाटेत सृष्टीनं वडिलांचे शेवटचे दिवस सांगितले. खंडेनवमीला ते परंड्याला तिच्याकडे होते. तिनंच हट्टानं बोलावलं होतं. दसऱ्याचं सोनं देऊन ते परतले.

कारखान्याच्या कार्यालयात नेटवर्कच्या स्विचची पेटी होती. बलभीमनी त्यात सेटिंग करून दोन व्हीलॅन, म्हणजे दोन वेगळी जाळी, केली होती : वरची सॉकेटं अलार्म आणि भोंग्याची, खालची कॅमेऱ्यांची. एकीकडचा संदेश दुसरीकडे जात नसे. गोदामातल्या अलार्मची वायर खालच्या ओळीत होती. वर एक सॉकेट रिकामं होतं.

"सेटिंग चुकलं," मालक रणधीर म्हणाला. "त्या पेटीला बलभीमशिवाय कुणाचा हात लागत न्हाय. माणूस लई चांगला व्हता."

मुकादम सिद्धलिंगनं तर हातच झटकले. खंडेनवमीला सगळी यंत्रं पुसून पुजतात, ही पेटीसुद्धा. पण पूजा मालकांच्याच हातची, आपण फक्त नारळ फोडतो, असं त्यानं सांगितलं.

राजेश्वरीनं अलार्मची वायर उपसली. पिनेनं सॉकेटच्या तळातून काहीतरी काढून तिनं तळहातावर घेतलं. कुंकवानं माखलेला तांदूळ होता.

"अक्षता हाय, मॅडम," युवराज म्हणाला. "पूजा म्हटल्यावर उडणारच की."

तिनं संगणकावर बलभीमचं सेटिंग उघडलं, वाचलं आणि सगळ्यांना बोलावलं.

"सेटिंग कुणी बदललं, हेच सगळे शोधत राहिले. ते कुणीच बदललेलं नाही. वरचं रिकामं सॉकेट अजून गोदामाच्या अलार्मच्या नावावर आहे. हलली ती वायर."

"कधी?" युवराजनं विचारलं.

"वायर बसलेली असताना तांदूळ तिच्यामागं जाईल का? म्हणजे ती या सॉकेटमध्ये खोचली ती पूजेनंतर. सॉकेटला स्वतः नाव देणारा माणूस ती भलतीकडं खोचणार नाही. त्या दिवशी बलभीम परंड्यात होते. परतल्यावर त्यांना पेटीचे दिवे लुकलुकताना दिसले असणार. वायर कुठंही खोचा, दिवा लागतोच. आणि पूजा कुणाच्या हातची, ते सिद्धलिंगनं सांगितलंय."



"पुसाया वायरी काढल्या," रणधीर म्हणाला. "समदी भोकं सारखीच. परत लावल्या."

"चूक कधी कळली?" सृष्टीनं विचारलं.

"तुझ्या अण्णाला बाहेर काढलं तवा."

"आणि तरी त्यांचं नाव घेतलंत."



राजेश्वरीनं वायर वरच्या सॉकेटमध्ये बसवली आणि युवराजला गोदामाकडं पाठवलं. त्यानं अलार्मचं चाचणीचं बटण दाबलं.

फाटकावरचा भोंगा वाजला. हातातलं काम टाकून माणसं बाहेर पळाली, सिद्धलिंगही पळाला. बघता बघता आवार भरलं.

सृष्टी गोदामाच्या दाराकडं बघत उभी राहिली. भोंगा थांबला, तरी तिथून हलली नाही.